मालक जागेवर नसताना: छोट्या व्यवसायाची टीम एका दिशेने कशी ठेवावी

व्यवसाय चार-पाच जणांचा असतो तेव्हा ताळमेळ हा विषयच नसतो. सगळे एकाच खोलीत बसलेले असतात. ग्राहकाशी फोनवर काय बोलणं झालं ते बाकीच्यांच्या कानावर आपोआप पडतं आणि अडलंच तर मान वर करून विचारता येतं. मग काम वाढतं, माणसं वाढतात, आणि वर्षभरात मालकाच्या तोंडी एक वाक्य बसतं: "एवढं साधं यांना कळत कसं नाही?"

कळत नाही, कारण कानावर पडणं बंद झालेलं असतं. पाच जणांत दोघादोघांच्या जोड्या होतात १०, दहा जणांत ४५ आणि पंधरा जणांत १०५. म्हणजे माणसं तिप्पट झाली, पण कुणाला तरी काहीतरी सांगायचं राहून जाण्याच्या जागा साडेदहा पट झाल्या. पाच जणांत जे न बोलता निभत होतं, ते पंधरा जणांत ठरवून आणि लिहून करावं लागतं. त्यात कमीपणा काही नाही.

पुढे जाण्याआधी ‘एका दिशेने’ म्हणजे काय ते पक्कं करू. तुमचा फोन बंद आहे, ग्राहक समोर उभा आहे आणि तुमच्या माणसाने निर्णय घेतला. तो निर्णय तुम्ही घेतला असतात त्याच्या जवळपास असेल, तर टीम एका दिशेने आहे. एकोपा, उत्साह, वाढदिवस साजरे करणं या चांगल्या गोष्टी आहेत, पण त्या वेगळ्या. एकमेकांवर जीव असलेली माणसंही गाडा चार बाजूंना ओढू शकतात. माझ्याकडे ओढत होती.

पायरी १: आधी तपासा, मग सुधारा

बहुतेक मालक इथेच चुकतात. काहीतरी बिनसलंय असं वाटलं की ते सगळ्यांना बोलावून भाषण देतात. त्याऐवजी प्रत्येकाला एक कोरा कागद द्या आणि दहा मिनिटांत, एकमेकांशी न बोलता, पाच प्रश्नांची उत्तरं लिहायला सांगा:

- पुढच्या तीन महिन्यांत आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काम कोणतं?
- कोणत्या प्रकारचा ग्राहक आपल्याला हवा आहे आणि कुणाला आपण नाही म्हणायला हवं?
- काम वेळेत देणं आणि निर्दोष देणं यातलं एकच जमणार असेल, तर काय करायचं?
- तक्रार आली तर भरपाई द्यायची की नाही हे कोण ठरवतं?
- तुमचं स्वतःचं काम चांगलं चाललंय हे तुम्हाला कशावरून कळतं?

कागदावर नाव नको. तुमची उत्तरं मात्र तुम्ही आदल्या दिवशीच लिहून ठेवा, नाहीतर इतरांचे कागद वाचून ‘मलाही हेच म्हणायचं होतं’ असं स्वतःला पटवाल. भागीदारीचा व्यवसाय असेल तर ही परीक्षा आधी फक्त भागीदारांनी द्यावी. दोन भागीदारांच्या कागदांवर दोन वेगळी उत्तरं असतील, तर टीमकडे जाण्यात अर्थ नाही. आईने नाही म्हटलं की बाबांकडे जाणाऱ्या मुलासारखी टीमही लवकरच शिकते, की कोणतं काम कुणाकडून मंजूर करून घ्यायचं.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा आम्ही अकरा जण होतो. पहिल्याच प्रश्नाला सात वेगवेगळी उत्तरं आली. राग आला. मग नीट पाहिलं तर त्यातली चार मीच वेगवेगळ्या महिन्यांत बोललेली वाक्यं होती.

‘मी तर शंभर वेळा सांगितलंय’ असं मालकाला मनापासून का वाटतं, याचं उत्तर एका गमतीदार प्रयोगात आहे. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीने काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायला लावला. समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल सुरू असते, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. ‘जरा दर्जाकडे लक्ष द्या’ म्हणताना तुमच्या डोक्यात दहा वर्षांचा अनुभव वाजत असतो. समोरच्यापर्यंत टकटकच पोहोचते.

पायरी २: एका पानात मावेल एवढं ठरवा

कागद हातात आले की एक पान लिहा. एकच. दुसऱ्या पानावर गेलात की ते कुणी वाचत नाही.

सगळ्यात वर पुढच्या तीन महिन्यांचं एकच उद्दिष्ट लिहा. ‘ग्राहकसेवा सुधारणे’ हे उद्दिष्ट नाही, ती सदिच्छा आहे. ‘सध्या दहापैकी सहा ऑर्डर कबूल केलेल्या तारखेला बाहेर पडतात, तिमाहीच्या अखेरीस दहापैकी नऊ पडल्या पाहिजेत’ हे उद्दिष्ट आहे. आज कुठे आहोत, कुठे पोहोचायचंय आणि कधीपर्यंत, हे तिन्ही त्या वाक्यात दिसलं पाहिजे.

उद्दिष्टांवर व्यवसाय चालवण्याची कल्पना नवी नाही. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी ती १९५४ मध्ये मांडली, इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीत अँडी ग्रोव्ह यांनी तिला ‘उद्दिष्ट आणि त्याची मोजता येणारी फलितं’ असं रूप दिलं, आणि गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये ती पद्धत गुगलमध्ये नेली. आज ओकेआर (ऑब्जेक्टिव्हज अँड की रिझल्ट्स) या नावाने ती सगळीकडे ऐकू येते. माझं मत विचाराल तर पंधरा माणसांच्या आतल्या व्यवसायाने त्या पूर्ण पद्धतीच्या वाटेला जाऊ नये. प्रत्येकाला तीन उद्दिष्टं आणि प्रत्येक उद्दिष्टाला चार फलितं करत बसलात, तर कोष्टकं भरण्यातच महिना जातो. सगळ्यांचं मिळून एक उद्दिष्ट, आणि त्यात माझा वाटा काय एवढं प्रत्येकाला एका वाक्यात सांगता आलं, तरी बस.

उद्दिष्टाखाली लिहा ‘या तीन महिन्यांत काय करायचं नाही’. पानावरचा सगळ्यात कामाचा भाग हाच, आणि लिहायला सगळ्यात जिवावर येणाराही. नवं उत्पादन आणणार नाही, दुसरी जागा बघणार नाही, अमुक प्रकारची छोटी कामं घेणार नाही, असं स्पष्ट लिहा. हे न लिहिल्यामुळेच एक ना धड भाराभर चिंध्या अशी अवस्था होते. त्यात कुणी आळशी नसतं. उलट प्रत्येक जण आपल्या परीने काहीतरी चांगलंच सुरू करत असतो.

पायरी ३: दोन चांगल्या गोष्टींचं भांडण लागलं तर कोण जिंकेल?

या पायरीवर जास्त वेळ द्या. छोट्या टीममधली बहुतेक भांडणं चांगलं विरुद्ध वाईट अशी नसतात. दोन चांगल्या गोष्टी एकाच वेळी समोर येतात आणि दोन माणसं त्यांची बाजू घेऊन उभी राहतात.

समजा, ऑर्डरप्रमाणे फर्निचर बनवणारा बारा जणांचा व्यवसाय आहे. विक्री पाहणाऱ्या मुलीने ग्राहकाला शुक्रवारचा शब्द दिलाय. कारखान्यातले मिस्त्री म्हणतात, पॉलिश अजून ओलं आहे, सोमवारशिवाय माल हलणार नाही. ती म्हणते, "काका, मी शब्द दिलाय हो!" मिस्त्री म्हणतात, "आणि डाग पडला की ग्राहक तुझं नाव घेणार आहे की माझं?" दोघंही बरोबर आहेत. मामला मालकाकडे जातो. या वेळी मालक म्हणतो, पाठवून द्या. पुढच्या महिन्यात तशीच वेळ येते आणि तोच मालक म्हणतो, घाई कशाला केलीत? दोन्ही वेळी त्याच्याकडे कारण होतं, पण ते त्याच्या डोक्यातच राहिलं. टीमने यातून शिकायचं ते शिकलं: आधी साहेबांचा मूड बघायचा.

यावर उपाय म्हणजे अग्रक्रमाची चार-पाच वाक्यं लिहून ठेवणं. उदाहरणार्थ:

"तारखेपेक्षा दर्जा आधी, पण तारीख पुढे जाणार हे ग्राहकाला दोन दिवस आधी कळलंच पाहिजे."

"नव्या ग्राहकाच्या चौकशीपेक्षा जुन्या ग्राहकाची तक्रार आधी."

"सवलत देण्यापेक्षा काम थोडं कमी करून द्या, दर पाडू नका."

ही वाक्यं तुमच्या व्यवसायात उलटीही असू शकतात. तयार जेवणाचे डबे पोहोचवणारा ‘दर्जापेक्षा वेळ आधी’ असं म्हणू शकतो आणि ते त्याच्या जागी बरोबर असेल. वाक्य खरं आहे की नुसती घोषणा, हे ओळखायची खूण हीच: त्याच्या उलट वागणारा शहाणा माणूस कल्पनेत आणता येतो का बघा. ‘आम्ही प्रामाणिकपणे काम करतो’ याच्या उलट कुणीच लिहिणार नाही, म्हणून ते वाक्य निर्णयाच्या वेळी उपयोगाचं नाही. ‘दर पाडू नका’ याच्या उलट वागून उत्तम धंदा करणारे लोक आहेत, म्हणून ते उपयोगाचं.

ही वाक्यं एकट्याने बसून लिहू नका. गेल्या सहा महिन्यांतले वाद आठवायला सांगा, ते फळ्यावर मांडा आणि प्रत्येकाचा निकाल पुढच्या वेळी काय असेल ते ठरवा. दोन तास जातील. जाऊ द्या.

पायरी ४: एका कामापुढे एकच नाव

‘बारभाईची खेती, काय लागेल हाती’ ही म्हण ज्याने रचली त्याने नक्की कुठलातरी सामाईक व्यवहार सांभाळला असणार. ‘आपण सगळे मिळून बघू’ म्हटलेलं काम कुणीच बघत नाही. व्यवसायातल्या नेहमीच्या जबाबदाऱ्यांची यादी करा (चौकशांना उत्तर, दरपत्रक, खरेदी, तारखा, वसुली, तक्रारी) आणि प्रत्येकीपुढे एकच नाव लिहा. मदत दहा जण करतील, पण काम राहिलं तर पहिला प्रश्न कुणाला विचारायचा हे ठरलेलं असावं. एकाच माणसाचं नाव सहा ठिकाणी आलं, तर तिथे गाडं अडणार आहे हेही या यादीतून आधीच कळतं. पहिल्या यादीत ते नाव बहुतेकदा मालकाचंच असतं.

नाव दिलं, पण अधिकार दिला नाही, तर तो माणूस फक्त निरोप्या होतो. म्हणून निर्णयांचे तीन गट करा: न विचारता आणि न सांगता करायचे, करून मग सांगायचे, आणि विचारूनच करायचे. गट पाडताना केवळ रकमेकडे बघू नका. अ‍ॅमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या पत्रात एक चांगला फरक सांगितला आहे: काही निर्णय आत जाऊन परत बाहेर येता येईल अशा दारासारखे असतात, काही एकदा गेलं की परत न येता येणाऱ्या दारासारखे. पहिल्या प्रकारचे निर्णय भराभर आणि खालच्या पातळीवर व्हावेत. ऑर्डरच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत भरपाई देण्याचा निर्णय चुकला तरी सावरता येतो, तो तक्रार ऐकणाऱ्यालाच घेऊ द्या. माणूस कामावर ठेवणं किंवा दीर्घ मुदतीचा करार करणं हे परतीचं दार नसलेले निर्णय आहेत, ते तुमच्याकडे राहू द्या.

आणि मर्यादेच्या आत घेतलेला निर्णय चुकला, तर चारचौघांत झापू नका. एकदा जरी झापलंत, तरी दुसऱ्या दिवसापासून सगळे फोन पुन्हा तुम्हालाच.

पायरी ५: आठवड्याची अर्ध्या तासाची बैठक

वार आणि वेळ ठरलेली, अर्धा तास, उभ्याने घेतली तरी चालेल. क्रम असा ठेवा: आधी उद्दिष्टाचा आकडा, मग गेल्या आठवड्यात ज्याने जे कबूल केलं होतं ते झालं की नाही, मग कुठे घोडं पेंड खातंय ते, आणि शेवटी या आठवड्यात कोण काय करणार. ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ एवढंच उत्तर घ्या. ‘जवळपास झालंय’ म्हणजे नाही झालं. दोघांपुरता प्रश्न असेल तर ते दोघं बैठकीनंतर बोलतील, बाकीच्यांना बसवून ठेवायचं कारण नाही. मालकाने शेवटी बोलावं. तुम्ही आधी बोललात की बाकीच्यांची मतं तुमच्या मताच्या आसपासच फिरतात.

बैठकीत ठरलेलं एका नोंदवहीत लिहा: काय ठरलं, का ठरलं, नाव, तारीख. वही असो वा सगळ्यांना उघडता येणारी शीट, फरक पडत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र ही नोंदवही नाही. तिथे सकाळी घेतलेला निर्णय दुपारपर्यंत शुभेच्छांच्या आणि फोटोंच्या खाली गाडला जातो, आणि मग ‘मी टाकलं होतं की ग्रुपवर’ विरुद्ध ‘मी पाहिलंच नाही’ हा खेळ सुरू होतो. ‘का ठरलं’ हा रकाना वगळू नका. सहा महिन्यांनी परिस्थिती बदलली की निर्णय बदलायचा की नाही, हे त्या रकान्यावरूनच कळतं.

पायरी ६: आकडे कमी, आणि जोडीने

आकडा समोर दिसला की माणसं त्याच्यामागे लागतात. हाच त्याचा उपयोग आणि हाच धोका. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या १९७५ मधल्या एका निरीक्षणावरून रूढ झालेला नियम असा, की मोजमाप हेच लक्ष्य झालं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. याचं टोकाचं उदाहरण २०१६ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत उघड झालं. प्रत्येक ग्राहकाला जास्तीत जास्त खाती आणि कार्डं विकण्याच्या लक्ष्यापायी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली होती.

तुमच्याकडे एवढं काही होणार नाही. पण ‘वेळेत गेलेल्या ऑर्डर’ एवढाच आकडा फळ्यावर लावलात, तर अर्धवट माल वेळेत बाहेर पडायला लागेल. म्हणून प्रत्येक आकड्याला त्याचा पहारेकरी द्या: वेळेत गेलेल्या ऑर्डरसोबत परत आलेल्या ऑर्डर, विक्रीसोबत थकलेली वसुली. अशा दोन जोड्या पुष्कळ झाल्या.

पायरी ७: नवा माणूस आणि जुना माणूस

नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला ते पान द्या, नोंदवही वाचायला द्या आणि आठवड्याच्या शेवटी त्याच्याच शब्दांत तुम्हाला समजावून सांगायला सांगा. चुकेल तिथे पान सुधारायचं आहे, माणूस नाही. तिसऱ्या आठवड्यात विचारा, "इथलं काय विचित्र वाटलं?" दोन महिन्यांनी त्याला काहीच विचित्र वाटेनासं होतं, त्यामुळे ही संधी पुन्हा येत नाही.

जुन्या माणसाचं प्रकरण अवघड. व्यवसाय उभा करताना जो सोबत होता, त्याला अचानक कागद, मर्यादा, नोंदवही हे अविश्वासाचं लक्षण वाटतं. त्याच्याशी बैठकीत नव्हे, आधी एकांतात बोला, आणि त्याचं म्हणणं निर्णय होण्यापूर्वी ऐका. तरीही त्याला निर्णय पटला नाही, तर त्याचा विरोध नोंदवहीत लिहा, निर्णय पुन्हा तपासायची तारीख घाला आणि तोवर साथ मागा. माझ्या अनुभवात विरोध करणारा बऱ्याचदा अर्धा तरी बरोबर निघतो. पण समोर मान डोलावून मागे उलटं सांगणं वारंवार होत असेल, तर ते चालवून घेऊ नका. बाकीचे सगळे तुम्ही काय करता ते बघत असतात.

पायरी ८: मालकाच्या खोडी

टीमची दिशा सगळ्यात जास्त वेळा मालकच मोडतो. दर सोमवारी नवी कल्पना घेऊन येतो. ज्याच्यावर काम सोपवलंय त्याला वगळून थेट त्याच्या हाताखालच्याला ‘आधी माझं हे करून दे’ सांगतो. जिन्यात भेटलेल्याला सहज बोलून जातो, "आपण अमुक सुरू केलं तर?" मालकाचं ‘सहज’ हे ऐकणाऱ्यासाठी फर्मान असतं, तो हातातलं सोडून ते करायला लागतो.

पहिल्या खोडीसाठी कल्पनांची वेगळी वही ठेवा, जी तिमाहीच्या शेवटीच उघडायची. तोवर त्यातल्या बऱ्याच कल्पनांची हवा आपोआप गेलेली असते. दुसऱ्या खोडीसाठी नियम एकच: ज्याचं नाव, त्याच्याकडूनच काम. तिसऱ्यासाठी बोलतानाच सांगायची सवय लावा: "हा नुसता विचार आहे, काम नाही."

खरंच दिशा बदलावी लागली तर बदला, तीन महिने थांबायचा हट्ट नको. पण नवं काम सांगताना जुन्यातलं काय सोडायचं हे त्याच दमात सांगा. ते न सांगता नवं काम दिलंत, तर टीम दोन्ही अर्धं अर्धं करेल.

सुरुवात कशी करायची

पहिल्या आठवड्यात पाच प्रश्न, दुसऱ्यात पान आणि अग्रक्रमाची वाक्यं, तिसऱ्यात नावं आणि निर्णयांच्या मर्यादा, चौथ्यात पहिली बैठक. सगळं एका दिवसात जाहीर करू नका, लोकांना ते नवं खूळ वाटतं. पहिल्या तीन-चार बैठका रटाळ होतील. तारीख तरीही चुकवू नका, विशेषतः काम अंगावर असेल तेव्हा.

तीन महिन्यांनी तेच पाच प्रश्न पुन्हा द्या आणि जुने कागद शेजारी ठेवा. मग सलग तीन दिवस सुट्टी घ्या. फोन चालू ठेवा, पण आलेल्या प्रत्येक फोनची नोंद करा: कुणाचा, कशासाठी. परत आल्यावर प्रत्येक नोंदीपुढे लिहा की हा फोन का आला: पानावर उत्तर नव्हतं, कामापुढे नाव नव्हतं, की नाव होतं पण अधिकार नव्हता. पुढच्या तिमाहीची कामाची यादी तिथूनच सुरू करा.